यांचा टॅब

४ नोव्हेंबर
यांचा टॅब बंदच पडला! कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडकतं. हे मात्र दिवसभर डाव्या हाताचं बोट त्या काचेवर आपटतायत. जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली, उजवा हातही. डॉक्टर म्हणाले, समजतं किती ते सांगता येत नाही.
टॅबमध्ये आमचे जुने फोटो आहेत. तेच बघायचे असतील.

६ नोव्हेंबर
बारामतीला दुकानात नेला. "काकू, टाकून द्या. न्हायतर आतलं सगळं पुसावं लागंल." पुसायचं नाही म्हटलं आणि घरी पळसदेवची एसटी धरली.
दिग्विजयचा पुण्याहून फोन. "आई, नवा पाठवतो की!" फोटोंचं सांगेपर्यंत ठेवलासुद्धा.

८ नोव्हेंबर
शाळेत चौदा वर्षं कॉम्प्युटर शिकवला, एवढं जमू नये? वाचून काढलं — बाहेरची रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीपुरता छोटा प्रोग्रॅम, घातली की बंद टॅबच्याही आत शिरता येतं, फोटो काढून घेता येतात. चुकलं तर टॅब कायमचा गेला.

९ नोव्हेंबर
लॅपटॉपला जोडून घातली. नाही झालं.

१० नोव्हेंबर
पुन्हा तेच! लॅपटॉप म्हणतो झालं, टॅबवर जुनीच रिकव्हरी. शेजारच्या सारजाबाई डोकावल्या. "काय चाललंय, बाई?" सांगायला लागले, तर "बरं, चालू द्या" म्हणून गेल्या. आज माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच.

१२ नोव्हेंबर
चूक सापडली! टॅब आपोआप सुरू होतो आणि जुनी रिकव्हरी परत बसवतो. सुरूच होऊ द्यायचा नाही — तीन बटणं एकदम दाबून थेट रिकव्हरीत. शिरले! फोटो लॅपटॉपवर उतरवले, नवी सिस्टीम घातली, मराठी कीबोर्डही, आधी नव्हता तो.
यांना फोटो दाखवले. एकही बघितला नाही. बोटानं बाजूला सारले, तोंड भिंतीकडं. कुणासाठी केलं मी हे सगळं?

१३ नोव्हेंबर
सकाळी टॅब यांच्या पुढ्यात ठेवून वळले, तर मागं टकटक. पडद्यावर एकेक अक्षर —
"कारल्याची तार ढिली हाय. वडून घी."
खिडकीतून मांडव दिसतो यांना. पाच महिन्यांनी नवरा बोलला, आणि तेही चूक काढायला! माझ्या मोबाईलवरही बोट आपटायचे. अक्षरं बारीक, बोट ठरायचं नाही. मी हातातून काढून घ्यायचे.
अजून लिहितायत.