सपाट नकाशावरचं माप

प्रिय टाचणी,

अक्षर बाबाचं दिसलं म्हणून पत्र फाडू नकोस. आधी बातमी ऐक. तू आमच्यापासून बारा हजार किलोमीटरवर नाहीस! नऊ हजारांवर आहेस, अवघ्या अकरा तासांवर. माझं माप चुकलं होतं. हसू नकोस, चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस हे कबूल करतोय.

आठवतंय ना, तू परदेशातल्या नोकरीचं सांगितलंस तेव्हा मी कापायच्या टेबलावर नकाशा पसरला आणि गळ्यातली टेप काढून दोन्ही शहरांमध्ये ताणून धरली. नकाशाच्या प्रमाणाने बारा हजार किलोमीटर भरले. म्हणालो, एवढ्या लांब गेलेली मुलगी परत येत नसते, जायचं तर जा, मी विमानतळावर येणार नाही. आणि खरंच आलो नाही. आई एकटी आली. मी दिवसभर एका पँटची एकच शिवण घालत आणि उसवत बसलो. सहा वर्षं झाली त्याला. तुझा आईला फोन येतो तेव्हा मी मुद्दाम मशीन चालवतो, पण सुईखाली कापड नसतं गं. कान तिकडेच असतात.

तर परवा शाळेतल्या भूगोलाच्या बाई कोट न्यायला आल्या. काखेत वर्गातला पृथ्वीचा गोल. माझे हात शिवशिवले. टेप लावली तर ती वर बर्फाकडून वळसा घेऊन गेली, आणि तरी गोलाच्या प्रमाणाने आखूड, नऊ हजारच भरली! बाई म्हणाल्या, विमानं अशीच जातात. मी कपाळावर हात मारला. अगं, जन्मभर गिऱ्हाइकांची पोटं मोजली, कधी कुणाला सपाट धरलं नाही, आणि नेमकं पृथ्वीला धरलं!

तसाच उठून तिकीटवाल्याकडे गेलो, टेप गळ्यातच. तो म्हणाला, सकाळी दहाला निघायचं, दुपारी दोनला पोहोचायचं. म्हटलं, चारच तास? तो पोट धरून हसला. तुमचं घड्याळ सात तास मागे असतं, हे मला कुठलं ठाऊक! पण अकरा तास म्हणजे काय गं? कामाच्या गर्दीत मी याहून जास्त वेळ मशीनवर बसतो. आई म्हणते, हे घरभर नुसते नाचतायत. नाचतोच आहे.

पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेचं तिकीट काढलंय, एकट्याचं. आईला म्हटलं, चूक माझी, तेव्हा पहिली फेरी माझी. तुझ्यासाठी कोट शिवलाय. माप सहा वर्षांपूर्वीचं, म्हणून आत दोन बोटं कापड सोडून ठेवलंय. फार वाईट बोललो होतो मी, टाचणी. तुला सोडायला आलो नव्हतो. अठराला दुपारी दोन वाजता तू मला घ्यायला येशील का?

तुझाच,
माप चुकलेला बाबा