गोदूबाईंची शिवराई

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार
नव्या वर्षापासून रोज लिहायचं ठरवलं होतं. फेब्रुवारी उजाडला. दोष माझा नाही. जानेवारीभर जुन्या नाण्यांचा अभ्यास केला, म्हणजे इथे बंगळूरच्या चिकपेट बाजारात हिंडलो. मधेच कोलारला सोन्याची खाण बघायला गेलो. आत सोडलं नाही. मूर्ख लोक.

मल्लेश्वरमच्या भीमाचार्यांना, रिटायर्ड हेडमास्तर, आपल्या नाण्यांच्या पेट्या लावायला माणूस हवाय. म्हणाले, एक नाणं पारखून आण, मग ठेवतो. नाहीतर बेळगावात थोरल्याची पिठाची गिरणी आहेच. तिथे मी परत जाणार नाही.

३ फेब्रुवारी
मी राहतो त्या वसुमतीअक्काच्या घरी देव्हाऱ्यात तांब्याची शिवराई आहे. तिच्या सासूची, गोदूबाईंची. त्या म्हैसूरला धाकट्या मुलाकडे असतात. अक्का म्हणाली, परसू, त्यात सासूबाईंचा जीव आहे, काही झालं तर मलाही तुझ्याबरोबर बेळगावला यावं लागेल. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

एका नजरेत निदान: अस्सल. शहाजीराजांबरोबर बंगळूरला आली, असं घरात सांगतात.

४ फेब्रुवारी
भीमाचार्यांना तसं सांगितलं. म्हणे, शहाजीराजे इकडे आले तेव्हा शिवाजी महाराज लहान होते, नाणं काय पाळण्यात पाडलं? वर ताकीद, धुवू नकोस, घासू नकोस, आहे तसं रविवारी घेऊन ये, सरी?

सरी म्हणजे कानडीत बरं. सरी काय सरी. हळदकुंकवाच्या थराखाली अक्षर वाचणार कसं? नाणं कळकट ठरवून लाटायचा डाव दिसतो.

५ फेब्रुवारी
चिंच, मीठ, वर राख. गंगव्वा आमची भांडी घासते, तिचाच काथ्या घेतला. म्हणाली, एवढ्या जोरात मी घागरसुद्धा घासत नाही, अण्णा. बाईला ग्रेडिंग काय कळणार. शिवराई नव्या पैशासारखी चकाकतेय. ग्रेड: फर्स्ट क्लास. अक्षरं जरा पुसट झाली. मुळातच पुसट असावीत.

८ फेब्रुवारी, रविवार
थेरडा. भिंगातून बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं, मग चष्मा काढून ठेवला. म्हणतो, रंग गेला, अक्षरांच्या कडा गेल्या, आता मी हिला खरीही म्हणू शकत नाही आणि खोटीही. स्वल्प धीर धरला असतास तर. मग म्हणतो, पेट्या राहू देत, आमच्या घरी भांडी घासायला येतोस का? आत त्यांची सून हसली.

नोकरी मीच नाकारली. जिना उतरल्यावर.

९ फेब्रुवारी
अक्काला कळता कामा नये. शिवराई चिमट्यात धरून कंदिलाच्या ज्योतीवर काजळी चढवली, वर हळदकुंकू. आधीपेक्षा जुनी दिसते. भावोजी ऑफिसच्या घाईत देवांवर नुसती फुलं टाकतात, त्यांना काय पत्ता. जुनं नाणं करू शकणाऱ्याला ते ओळखता येत नाही, असं कसं होईल? भीमाचार्यांना आजच तोंडावर विचारणार होतो. वाटेत सर्कशीचा तंबू लागला. उद्या नक्की.

१० फेब्रुवारी, सकाळ
निघणारच होतो, दारात जटका, म्हणजे इकडचा टांगा, थांबला. गोदूबाई. म्हैसूरहून, न कळवता. एक पत्र टाकायला काय होत होतं? पाय धुतले, कॉफी नको म्हणाल्या. किती महिन्यांनी आले, आधी देवांना स्वतःच्या हातानं स्नान घालते. ताम्हनात पहिली शिवराईच ठेवलीय.

अक्का पाणी घेऊन येतेय.