नऊ नंबरच्या मशीनची अक्षरं

सर, आज तुमची आठवण एका कमांडमुळं आली. एरवी येत नाही असं नाही, पण आजची जरा टोचत आली.

मी आता हिंगोलीतच एका अभ्यासिकेत कॉम्प्युटर सांभाळते. बारा मशीन आहेत, सगळी लिनक्सवर, शाळेतल्या तुमच्या लॅबसारखीच. ऑनलाइन परीक्षेची प्रॅक्टिस करायला गावागावातून लोक येतात आणि संध्याकाळपर्यंत मशीनची पार दशा करून टाकतात. कुणी वॉलपेपरला बैलजोडी लावतं, कुणी खालची पट्टीच गायब करतं. म्हणून मी कमांडची एक स्क्रिप्ट लिहिली. सकाळी शटर उघडलं की माझ्या टेबलवरून एकच ओळ, एंटर, आणि बाराच्या बारा मशीनच्या सेटिंग्ज कोऱ्या, पहिल्यासारख्या. माउसला हातसुद्धा लावायचा नाही! पहिल्यांदा चाललं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले, सर. वाटलं, तुमी बघायला पाहिजे होते.

तुमी बघितलं असतं तर पहिलं काय विचारलं असतं तेही मला माहीत होतं. "आधी गेट केलं का, पोरी?" आधी गेट, मग सेट. कोणतीही सेटिंग बदलायच्या आधी ती आत्ता काय आहे ते मशीनला विचारायचं, मगच हात लावायचा. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा, आणि तुमी लॅबचं दार लोटून खुशाल आपल्या भाषेत बोलायचे. आमी सातवीची पोरं रांगेत बसलोय, तुमी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड मारताय आणि काल कुणी काय बदललं त्याची यादी हजेरीसारखी वाचताय. मशीन फक्त बदललेलं तेवढंच सांगतं, बाकी गप बसतं, हे तुमीच शिकवलेलं. "दोन नंबर, वॉलपेपरला क्रिकेटवाला. काढा त्याला, आउट. पाच नंबर, माउस डाव्या हाताचा. कोण डावरं हाय रे?" मागून एक हात वर होतो. "व्हय का? मग राहू द्या तसंच." आणि मग, "नऊ नंबर, अक्षरं दीडपट. हे कोन्त्या आजीबाईचं मशीन हाय?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण नऊ नंबर माझं होतं.

तुमी ते पुसलं. पुढच्या तासाला मी परत मोठं केलं. तुमी परत वाचलं, पण आजीबाई म्हटलं नाही. तास संपल्यावर मला एकटीला खिडकीपाशी बोलावलं. खाली रस्ता, पलीकडं एसटी डेपो. "ती गाडी कोणती, सांग." मी फटकन म्हटलं, "सेनगाव." तुमी विचारलं, "पाटी वाचली का टाइम पाहिला?" कोणती गाडी कधी सुटते ते मला पाठच होतं. पाटी मला कधी दिसलीच नव्हती. मला वाटायचं कुणालाच दिसत नसेल, सगळे विचारूनच चढत असतील. तेव्हा तुमी माझ्यावर रागावले, पहिल्यांदा आणि शेवटचं. "तकलीफ हाय तर सांगायचं न्हाई? मशीनला सांगतीस, माणसाला काहून न्हाई?" त्याच संध्याकाळी तुमी पप्पांना भेटायला घरी आलात. माझा चष्मा आला त्या दिवशी तुमच्या चष्म्याची जुनी डबी मला दिलीत, झाकणाला रबरबँड लावलेली. रबरबँड मी किती बदलले काय माहीत, डबी तीच आहे.

तर आता आमच्या अभ्यासिकेतली ही बाई. साखऱ्याहून सकाळच्या पहिल्या गाडीनं येते, दोन लेकरं सासूजवळ ठेवून. भरतीची परीक्षा बारा दिवसांवर आलीय, आणि वयाच्या हिशोबानं तिची ही शेवटचीच. चार नंबरला बसते. प्रॅक्टिस पेपरचे शेवटचे प्रश्न तिचे रोज राहतात. मालक म्हणतात, "ताई, स्पीड वाढवा." मीपण म्हटलंय. मागं एकदा ती माझ्या टेबलापाशी आली होती. "मॅडम, हे काहून रोज बारीक होऊन राहिलं? काल तर मोठं केलतं मी." मी मोबाईलमधून मान वर न करता म्हटलं, "ते आपोआप होतं." परत तिनं विचारलं नाही. रोज येऊन गुपचूप मोठं करत राहिली, आणि मी रोज सकाळी पुसत राहिले.

आज स्क्रिप्ट मधेच अडकली, म्हणून मला यादी काढून बघावी लागली. पहिल्यांदाच, सर. चार नंबरपुढं एकच ओळ होती: अक्षरं पावणेदोनपट. मी एंटरवरचं बोट काढून घेतलं.

ती आल्यावर तिला खिडकीपाशी नेलं. "समोरची पाटी वाचा बरं."

"कृषी सेवा केंद्र."

"वाचलं का ओळखलं?"

ती हसली. "खताचं दुकान हाय मॅडम, इथूनच तर नेतो आमी. वाचायचं काय त्यात!"

उद्या सकाळी आमी दोघी डोळ्याच्या डॉक्टरकडं चाललोय. परीक्षेच्या हॉलमध्ये अक्षरं मोठी होतील न होतील, त्या भरवशावर राहायचं नाही. चष्मा वेळेत येईल, सवय होईल, एवढं सगळं बारा दिवसांत बसेल का, मला माहीत नाही. चार नंबर मात्र आता तसंच मोठं राहणार. आणि स्क्रिप्टमध्ये वर एक ओळ वाढवलीय. आधी यादी, मग पुसणं. यादी मी मोठ्यानं वाचणार आहे, अभ्यासिका रिकामी असली तरी.

हे सगळं मी त्याच काळ्या खिडकीत टाइप करून राहिले. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्येच सेव्ह करते, पाठवायचं कुठं. फक्त एक सांगायचं राहिलं. जाताना तिनं विचारलंच, "मग इतके दिवस बारीक काहून होत होतं?" मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं.

सर, मशीन बराबर होतं.