एका पत्र्याचा कंदील

बुधवार, दिवेलागणीला

सकाळी संज्या, माझा पोरगा, म्हणला, "आई, यंदापासून दिवाळीच्या कंदिलाचे सांगाडे बंद. पट्ट्या जोडायला कथलाचे डाग देण्यातच दिवस जातो." लग्न झाल्यापासून हेच करून राह्यले मी. पण तोंडातनं निघालं, "कर बंद. मंग बस पत्ते खेळत."

सुनबाई मधीच बोलली, "थांबा की जरा." तिच्या माहेरी शिवणकाम. ब्लाऊज बेतावा तसा तिनं पत्रा बेतला. चार खांब, वरखालच्या पट्ट्या, सगळं एकाच तुकड्यात. कडंला कान ठेवले, वाकवून खाचंत अडकवले. डाग एक न्हाई!

मी म्हणलं, "खोकं हाय हे, वाऱ्यानं मोडंल." उठून वरवंटाच ठेवला त्याच्यावर. हाललं न्हाई मेलं. कान बी सुटले न्हाईत. मला कसं न्हाई सुचलं हे? जाऊ दे, मी कुठं ब्लाऊज शिवलाय.

मंग मी बी तसाच एक सांगाडा वाकवला.

"आत्याबाई, कान उलटे वाकवले तुम्ही."

"तुझ्या सासऱ्याची रीत हाय ती," मी ठोकून दिलं. दोघं बी खदाखदा हसले.

सांजच्याला संज्या बदनापूरहून नवा पत्रा घेऊन आला, कंदिलासाठीच. "बंद करणार होतास ना?" असा टोमणा जिभेवर आल्ता. गिळला. आज सोडला त्याला.