कोटाची कॉलर

प्रिय बडबडे,

काल तुझ्याकडून निघाले तेव्हा तू दाराशीही आली नाहीस. राग नाही आला. नवरा गेल्यापासून तू एकच घोकत बसली आहेस: “त्या सकाळी भांडणात मीच त्याला 'मर एकदाचा' म्हणाले आणि त्यानं ऐकलं.” पोलिसांनी सांगितलं, तो कीटकनाशक प्यायला. तू नुसती मान डोलावलीस. तुझ्यासाठी केलेला चहा शेवटी मीच प्यायले.

मी फार थकले आहे गं. विषं तपासण्यात इतकी वर्षं गेली की मुलगा म्हणतो, आई भाजीचासुद्धा पंचनामा करते. आमच्या प्रयोगशाळेत माणसं नावानं येत नाहीत, आकड्यानं येतात. तेच बरं असतं. पण मध्यंतरी एका तपासणीचं सगळं उरकून तपकिरी कोट परत पिशवीत भरताना कोपरावर तुझ्या हातचं ठिगळ दिसलं. शाळेत शिवणाच्या तासाला तुझी तिरकी शिवण मीच उसवायचे, ओळखायला चुकेन कशी? तेव्हा कळलं, तो आकडा म्हणजे तुझा नवरा.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत पाणी. नसांना 'आता पुरे' सांगणारं एक द्रव्य रक्तात असतं, ते पार निकामी झालेलं. कीटकनाशकानंही असंच होतं; ते आणि युद्धासाठी बनवलेलं नसांवरचं विष, दोन्ही एकाच भावकीतली. म्हणून तर तसं लिहून मोकळं होणं सोपं. पण पोटात काही नव्हतं, घशात नव्हतं. जे होतं ते कोटाच्या कॉलरवर आणि मानेच्या कातडीवर. असलं विष दुकानात मिळत नाही. साहेब म्हणाले, कीटकनाशक लिहा, पेन्शन तोंडावर आली आहे तुमची. त्यांनाही लेकरंबाळं आहेत. तुझा नवरा वर्तमानपत्रात कुणाविरुद्ध लिहीत होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी सही केली नाही. अहवाल दुसऱ्याच्या सहीनं गेला, आणि उद्यापासून मी बहुतेक घरीच. या पत्राच्या मागच्या बाजूला खरे निष्कर्ष लिहून नाव-हुद्द्यासकट सही केली आहे, ते वकिलाला दे. पण ते नंतर. आधी एवढं वाच, दोनदा वाच: तो काहीही प्यायला नव्हता. कुणीतरी मानेला विष लावून त्याला मारलंय. तुझ्या बोलण्यानं माणूस मरत असता, तर शाळेतच माझे बारा वाजले असते.

तुझीच,
ढापणी