अण्णांचं वळण

प्रिय अण्णा,

आज सकाळी वळणावरचा तुमचा फ्लेक्स मी विळ्यानं फाडला, तुमच्या हसऱ्या चेहऱ्यासकट. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाहीये. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुमच्या वर्षश्राद्धाला वाडीतल्या पोरांनी तो लावला. कुठे? जिथे तुम्हाला गाडीनं उडवलं, नेमका तिथेच. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली त्यांचेच फोटो, आणि एवढा मोठा की धरणाकडून येणारी गाडीच दिसेना. काल वहिनी डेअरीला दूध घालायला निघाल्या आणि कंपनीची बस फ्लेक्सआडून थेट अंगावर आली. रस्त्याकडेच्या चारीत पडल्या म्हणून वाचल्या. हात मोडलाय. तरी दादा म्हणतो, “बापाचा फोटो हाय त्यो. फाडायचा न्हाई.” बायकोपेक्षा फोटो मोठा झाला का?

पण खरं सांगू? फ्लेक्सवर माझा राग नाहीच. तुमच्यावर आहे.

जुना रस्ता धरणात बुडाला, तेव्हा नवा सरळ नेणार होते, आपली वाडी बाजूला टाकून. तुम्ही साहेबांच्या जीपपुढे बसलात. “गाव बुडिवलं, आता वाट बी लांबून नेता व्हय? यष्टी आमच्या दारात आली पायजे.” साहेब नमले. रस्ता पाण्याच्या कडेनं वळवून आपल्या दारापुढे आणला. पहिली एसटी आली तेव्हा आईनं ड्रायव्हरला ओवाळलं होतं. मलाही तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

पुढे खडीवर डांबर पडलं, जिल्ह्याचा रस्ता राज्याचा झाला. चाकणचे कंटेनर आले. सुट्टीच्या दिवशी वाकडच्या गाड्या भजी खायला येऊ लागल्या. एसटी मात्र बंद झाली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अण्णा!

तळवड्याहून घरी आले की दरवेळी मी सांगायचे, हे वळण काढायला लावा. तुम्ही म्हणायचात, “अण्णांचं वळण म्हणत्यात लोकं त्याला. दबकून चालवत्यात.” कोण दबकून चालवतं? शेजारचे गणपतकाका तिथेच गाडीखाली गेले, तरी तुमचा हट्ट सुटला नाही. शेवटी म्हशीमागे धावताना तुम्हीही गेलात. आम्ही रडायचं की चिडायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतं.

परवा रस्त्याचे मोजणीवाले येऊन गेले. वळण काढायचं तर रस्ता आपल्या अंगणातून जाणार, आईनं सारवलेल्या ओट्यावरून. दादा म्हणाला, “अण्णांची निशाणी मोडू देनार न्हाई.” पण घरावर त्याच्याइतकंच माझंही नाव आहे.

उद्या ते पुन्हा येतील. मी सांगणार आहे, अंगण घ्या, ओटा घ्या, लागली तर अण्णांची खोलीही घ्या. लोक तुमचं नाव काढतात ते त्या वळणामुळे. ते गेलं की नावही जाईल. जाऊ दे. वहिनींना दूध घालायला रोज रस्ता ओलांडायचाय. त्यांना येणारी गाडी लांबून दिसेल, एवढं वचन देते.

तुमचीच, आणि तुमच्यासारखीच हट्टी,
मंगल