मी नसले तर

३ फेब्रुवारी, सोमवार

काय तर म्हणे ‘कार्यक्रमाची आखणी आणि मूल्यमापन’! शुक्रवारपर्यंत रोज दुपारी प्रशिक्षण. मी साठीपुढच्या माणसांचं दुपारचं केंद्र चालवते, आणि नेमकी दुपारीच मला उचलून या हॉलमध्ये आणून बसवली. म्हणजे केंद्र आठवडाभर बंद. दारावर तशी पाटी लावली. किल्ली केंद्रात रोज येणाऱ्या मास्तरांकडे दिली, फक्त कुंड्यांना पाणी घालायला. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं बजावून आले.

शिकवणारा तिशीचा असेल. शर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं. आल्या आल्या फळ्यावर चौकट काढली. तिला बाण. बाणापुढे आणखी एक चौकट, तिला पुन्हा बाण. चहापर्यंत फळ्यावर जागा उरली नाही. मी मनातल्या मनात बारसं करून टाकलं — चौकटराव.

म्हणाला, ‘तुम्ही काय काय केलं ते सांगू नका, त्यामुळे लोकांच्यात काय बदललं ते सांगा.’ मी म्हटलं, आमच्याकडे सत्तरीतली, ऐंशीतली माणसं येतात, त्यांच्यात आता काय बदलायचं राहिलंय? गुडघे? पठ्ठ्याने गंभीर चेहऱ्याने फळ्यावर ‘गुडघे’ लिहिलं. हिरव्या रंगात!

मग आमच्या प्रमुखबाई उठल्या. संस्थेची दोन केंद्रं आहेत, माझं आणि बागेजवळचं. एप्रिलपासून एकच चालणार. कोणतं, ते शुक्रवारी आम्ही दोघं आपापल्या केंद्राबद्दल काय मांडतो त्यावर ठरणार. हे सगळं त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू बिस्किटं संपली आहेत एवढंच सांगायचं होतं. बागेजवळचं केंद्र चालवणारा तो गुळगुळीत गृहस्थ लगेच मान डोलावू लागला. त्याला काहीही सांगा, तो मान डोलावतो.

माझं केंद्र बंद होणार? मी बांधलंय ते! पडदेसुद्धा मी शिवलेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा महान प्रश्न — ‘आपण नसतो तर?’

म्हणजे केंद्रच नसतं, तर या माणसांनी काय केलं असतं? ते म्हणे त्यांनाच जाऊन विचारायचं. येणाऱ्यांना विचारायचं आणि यायचे थांबले त्यांनाही. मी म्हटलं, आमच्याकडे यायचे थांबतात ते बहुतेक सगळंच थांबवून गेलेले असतात. वर्ग हसला. चौकटराव हसला नाही. ‘सगळेच?’

सगळेच नाहीत. नर्सबाई आहेत, शिंपीकाका आहेत. दोघंही धडधाकट. गेल्या वर्षापासून येत नाहीत.

‘का येत नाहीत?’

‘नाही येत.’

‘विचारलंत कधी?’

नाकाने कांदे सोलायला काय जातं याचं? मी चहा घ्यायला उठले.

धाकटीला घरी आल्यावर सांगितलं, तर बहीण म्हणून बाजू घ्यायची सोडून ती म्हणते, ‘ताई, तुला कोणी शिकवलेलं चालतच नाही.’ मला शिकवलेलं चालतं. शिकवणाऱ्याला काहीतरी येत असावं, इतकंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी गृहपाठ उरकायला बाहेर पडले. आधी मास्तरांकडे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांना थेट ‘केंद्र नसतं तर’ म्हणायला जीभ रेटेना. केंद्र बंद पडतंय असं वाटून म्हाताऱ्याने हाय खाल्ली तर चौकटराव येणार आहे का धावून? म्हणून प्रश्न जरा मऊ केला. म्हटलं, ‘मास्तर, समजा, उद्या मी नसले, तर तुम्ही सगळे काय कराल?’

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, डॉक्टर काय म्हणतात?

मी म्हटलं, कसला डॉक्टर, प्रशिक्षणाचा अभ्यास आहे. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. आजारी माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो तेव्हा आपण हलवतो, तशी. शिंपीकाकांना विचारलं, तर ते आतून दोन सफरचंदं घेऊन आले. नर्सबाईंनी तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही, मनगट धरलं आणि भूक नीट लागते का विचारत बसल्या. तुम्ही यायचं का थांबवलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, ते नंतर, आधी तुम्ही बऱ्या व्हा.

वय झालं की असं होतं. एक विचारावं तर भलतंच ऐकतात.

संध्याकाळी धाकटी फोन घेऊन घेऊन थकली. जो तो विचारतोय, ताईंना नेमकं काय झालंय, कधीपासून आहे. हिला कळेना म्हणून मी सकाळचा प्रश्न शब्दशः सांगितला, तर ही जमिनीवर बसून हसायला लागली. ‘अगं, “उद्या मी नसले तर” असं धडधाकट माणूस दारोदार जाऊन विचारतं का?’

कपाळाला हात लावला. चौकटरावाच्या नावाने बोटं मोडली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात गेल्या गेल्या त्याला सुनावलं, तुमच्या प्रश्नापायी मी जिवंतपणी मेले. सगळे खो खो हसले. त्याने विचारलं, ‘बरं, पण उत्तर काय दिलं त्यांनी?’

मी आठवायला लागले. सफरचंदं दिली, नाडी बघितली, पण ‘मग आमचं कसं होणार’ असं एकानेही म्हटलं नव्हतं.

मन लागेना. निदान गैरसमज तरी दूर करावा म्हणून मध्येच उठले. मास्तर घरी नव्हते. सून म्हणाली, केंद्रात गेलेत. कुंड्यांना पाणी घालायला एवढा वेळ?

गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. माझ्या केंद्रातून, आणि तोही हसण्याचा. दारावरची पाटी उलटी करून ठेवलेली. आत पाहते तर खुर्च्या रांगेत नाहीत, ओढून ओढून कशाही मांडलेल्या. वाचनाची वेळ, म्हणजे शांततेची, आणि रेडिओ चालू! शिंपीकाका माझा पडदा काढून त्याची किनार उसवत बसलेले. नर्सबाई एका आजोबांना जिना कसा चढायचा ते शिकवतायत. कोपऱ्यात मास्तर गॅसपाशी चहा करतायत, अर्धा ओट्यावर सांडून. गॅसजवळ मी कुणाला फिरकू देत नाही! आणि माणसं किती — यायची थांबलेली सगळी परत आलेली.

मला पाहून सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मी शेवटची भेटायला आलेय!

मास्तर पुढे आले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही इकडची काळजी मनातून काढून टाका. मंगळवारी दोघातिघांनी सहज बसून पाहिलं होतं. कालपासून वाटून घेतलंय सगळं. जमतंय आम्हाला.’

ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी पाठीवर थाप मारली. माझ्यावर यांचा जीव आहे, यात शंका नाही. मला खुर्चीत बसवून हातात चहा दिला. पाणचट होता. कप विसळायला उठले तर चौघांनी खाली बसवलं. मी तिथे काय करायचं तेच कळेना. नर्सबाईंना शेजारी ओढलं आणि म्हटलं, आता सांगा, का येत नव्हता?

त्यांनी माझा हात हातात घेतला.

‘ताई, तुम्ही मनाने फार चांगल्या आहात हो. पण तुमच्याकडे आलं की मला आजारी असल्यासारखं वाटायचं. जन्मभर मी लोकांना उठवून बसवलं. आणि तुम्ही मला पाण्याचा पेला उचलू देत नव्हता. इथून घरी गेले की मी रोज थोडी जास्त म्हातारी झालेली असायचे.’

अंगाचा तिळपापड झाला. उन्हातान्हात राबायचं, आणि वर हे ऐकायचं! तशीच निघाले. घरी येऊन रडले. रागाने रडले. धाकटीने दार लोटून घेतलं आणि काही विचारलं नाही. तेवढं तिला कळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

आज मांडायचं आहे.

सोपं आहे खरं तर. चौकटरावाला बदल हवाय ना? घे! खुर्च्या भरल्या, गेलेली माणसं परतली, आजोबा जिना चढायला लागले. गुडघेसुद्धा आले त्यात! बागेजवळचा गुळगुळीत पार आडवा होईल. हे सगळं मी नव्हते म्हणून झालं, हे मी बोलले नाही तर कुणाला सुगावाही लागणार नाही. धाकटी म्हणते, ‘भरलं होतं ना? मग तेवढंच सांग. खोटं कुठेय त्यात?’

नाहीच मुळी खोटं.

पण मी केलेला चहाही मास्तर इतकी वर्षं गुमान पीत होते, आणि काल स्वतःचा पाणचट चहा पिताना ते गाणं गुणगुणत होते. हे कुठल्या चौकटीत घालू?

साडी बदलली. पुन्हा पहिलीच नेसले. निघते.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

माझं केंद्र राहिलं. सगळं सांगितलं, मी नव्हते तेव्हाच भरलं, हेही. म्हटलं, केंद्र ठेवा, माझी जागा काढून टाका. प्रमुखबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, ‘अहो, मग तुम्ही काय करणार?’

म्हटलं, ‘दुपारी तिथेच जाईन. साठी उलटलीय माझी.’